नातेवाईक चालत नाहीत

रविवार, ९ नोव्हेंबर

अहो,

मायन्यातच दोन कागद वाया गेले. ‘प्रिय’ लिहिलं तर वकील हसतील आणि ‘महोदय’ लिहिलं तर आपली लेक. एकतीस वर्षं या एका शब्दावर निभावलं, आजही तोच चालवून घ्या. तुमची प्रकृती बरी असेल. गुडघ्याचं ऑपरेशन तुम्ही पुन्हा पुढे ढकललंत असं लेक म्हणाली. ढकलू नका. मी ठीक आहे. सकाळी चष्म्याच्या दुकानात अपॉइंटमेंटची वही सांभाळते, दुपारी घरी येते. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरनी पत्र शिकवलं ते असं: आधी प्रकृती, मग हवा, मग काम. हवा कोरडी आहे. आता काम.

मी क्लब शोधते आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे मला राग येईल. आधीच महिनाभर वैतागलेली आहे.

संध्याकाळी पाच ते आठ हे तीन तास काही केल्या सरत नाहीत. टीव्ही लावला की त्यातली माणसं मला सोडून सगळ्यांशी बोलतात. जेवण मी हल्ली ओट्यापाशी उभ्यानंच उरकते. हे लेकीला सांगू नका. तीच म्हणाली, “आई, एखादा क्लब बघ ना. तुला सवय आहे.”

सवय होती खरी. पण तो क्लब तुमचा. माझ्या कार्डावर नावाखाली ‘सदस्याची पत्नी’ छापलं होतं, ते सव्वीस वर्षांत मी कधी नीट वाचलंच नव्हतं. कोर्टाचा कागद आल्यावर एकदा सहज गेले, तर गेटवाला मान खाली घालून म्हणाला, “बाईसाहेब, पाहुण्यांच्या वहीत लिहावं लागेल. कोणाच्या पाहुण्या लिहू?” मी म्हटलं, “छे, आत कुठे जायचंय? छत्री राहिली होती, तेवढी द्या.” छत्री राहिलेली नव्हती. त्यानं बिचाऱ्यानं कुणाची तरी आणून दिली. चांगली आहे.

तर पहिला क्लब बघितला तो बत्तिसाव्या मजल्यावरचा. रिसेप्शनवरच्या मुलीनं विचारलं, “मॅम, तुमची इंडस्ट्री कोणती?” मी म्हटलं, “चष्मे.” ती खूश झाली. लाउंजमध्ये सगळे कानात काहीतरी घालून आपापल्या लॅपटॉपशी एकटेच बसलेले. एकटं बसायला मला घर आहे की. खुर्च्या इतक्या बुटक्या की मला उठताच येईना. शेवटी त्या मुलीनं दोन्ही हात धरून ओढून काढलं. ओढताना म्हणते, “वेलकम टू द कम्युनिटी.”

दुसरा फक्त बायकांचा. हा जमेल असं वाटलं होतं. अध्यक्षीणबाईंनी प्रेमानं चहा दिला, माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं आणि विचारलं, “पण तुम्ही कोणाच्या?” मी म्हटलं, “म्हणजे?” “म्हणजे मिस्टर काय करतात?” फॉर्मवर तसा रकाना होता, पतीचा हुद्दा. तिथं मी रेघ मारली. त्या रेघेकडे त्या बाईंनी ज्या मायेनं पाहिलं, ती माया घेऊन मी तडक जिना उतरले.

मला एक सांगा, साठीनंतर बाईला शहरात नुसतं बसायला जागा हवी असेल, तर तिला इतकं सिद्ध का करावं लागतं?

तिसरा क्लब पोस्टामागच्या गल्लीत आहे. दोन मजले, खाली वाचनाची खोली, वर पत्त्यांची टेबलं, एक बेसूर पियानो. मी जिन्यावरून चढत होते तर एक अनोळखी म्हातारे गृहस्थ वरून ओरडले, “ब्रिज येतो का? चौथं माणूस मेलंय आमचं.” “खरंच मेलंय?” “नाही हो, मुलाकडे राहायला गेलंय. आमच्या दृष्टीनं एकच.” मी बसले. दीड तास खेळले. निघताना त्यांनी माझी खुर्ची आत सरकवली नाही, तशीच ठेवली. मला हाच क्लब हवा आहे.

तिथले सेक्रेटरी पूर्वी जमीनमोजणीत होते, त्यामुळे सगळं फुटपट्टीनं. दोन लेखी परिचय लागतात. दुसरा कोणाचाही चालतो. तो आमच्या चष्मेवाल्यांनी दिला. पहिला मात्र पंधरा वर्षं ओळखणाऱ्याचा. मी बसून आठवायला लागले. शाळेतली मैत्रीण चिमणी दोन वर्षांपूर्वी गेली. बाकी सगळे तुमच्या क्लबातले, आणि ते तुमच्याकडे राहिले. सोफासेट राहिला तसे.

“एक आहेत,” मी सेक्रेटरींना म्हटलं. “पस्तीस वर्षं ओळखतात.”

“नातं?”

“आता काही नाही.”

“आता म्हणजे? नातेवाईक चालत नाहीत हं.”

“नातेवाईक नाहीत ते. नवरा होते.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, नियमांचं पुस्तक काढून दोन पानं मनात वाचली. “होते, याबद्दल काही लिहिलेलं नाही,” ते म्हणाले. “चालतील. पण बाई, ते लिहितील का?”

मी म्हटलं, “त्यांचं अक्षर चांगलं आहे.”

फॉर्म सोबत जोडला आहे. पाच प्रश्न आहेत. तिसरा आहे, ‘ही व्यक्ती खरं बोलते का?’ त्याचं उत्तर लिहिण्याआधी तुम्हाला एक गोष्ट माहीत असायला हवी. हे पत्र चार दिवस अडलं ते तिच्यामुळे. मायन्याचं मी उगाच सांगितलं.

मी घर सोडून इथे राहायला आले त्या वर्षी, मार्चमधल्या एका गुरुवारी तुम्ही आला होतात. मी तुम्हाला फोनवर सांगितलं की दुकानात होते. मी घरात होते. दाराच्या भिंगातून बघत होते. तुमच्या हातात माझी शाळेतली गाण्यांची वही होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. तुम्ही केसांवरून हात फिरवलात. दोनदा बेल वाजवलीत. मग हळूच म्हणालात, “मी आहे.” मी उघडलं नाही. तुम्ही पायरीवर बसलात, गुडघा धरून, माझ्याकडे पाठ करून. बराच वेळ. मी दाराच्या अलीकडे, कडीवर हात ठेवून. तिसऱ्यांदा बेल वाजली की उघडायचं, असं मी ठरवलं होतं. हे ठरवलेलं तुम्हाला कसं कळणार? वही दारात ठेवून तुम्ही कठडा धरून उतरलात.

नंतर मी लेकीला, चिमणीला, वकिलालासुद्धा सांगितलं की हा माणूस मला एकदाही न्यायला आला नाही. चार वर्षं मी या वाक्यावर काढली. तुम्हीही ते कोर्टात ऐकलंत आणि खोडलं नाहीत. का खोडलं नाहीत, याचा मला अजून राग आहे.

तेव्हा तिसऱ्या प्रश्नाला जे योग्य वाटेल ते लिहा.

शेवटचा प्रश्न असा आहे: ‘या व्यक्तीच्या शेजारी बसून संध्याकाळ घालवायला आपल्याला आवडेल का?’ पुढे ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन आहेत. एक ‘नाही’ आलं तर अर्ज परत, असा त्यांचा नियम आहे. फॉर्म बंद पाकिटात थेट सेक्रेटरींकडे पाठवायचा, मला कोणी दाखवणार नाही. पण कार्ड आलं किंवा नाही आलं, की मला कळेलच. शेजारी बसायला आवडेल का, हे आपण एकमेकांना एकतीस वर्षांत एकदाही विचारलं नाही.

मला क्लब मिळावा म्हणून ‘हो’ लिहू नका. क्लब आणखी एखादा सापडेल. हा प्रश्न विचारावा असं दुसरं माणूस माझ्याकडे नाही.

पाकिटाला तिकीट लावलं आहे.

आपली,
उमेदवार