एका पायाचा टिलवा

नवीन पनवेल
११ जानेवारी २०२५

तीर्थरूप काशिरामकाकांस,
भाविकाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि ही गोष्ट तुमच्या कानाशी ओरडले तर सगळं चिरनेर ऐकेल. म्हणून पत्र. रागात लिहितेय, अक्षराला हसू नका.

तुमच्या हरेशने माझा फोटो चोरला. आपल्या दिपिकाच्या लग्नात मी काढलेले फोटो न्यायला आला होता, तेव्हा माझ्या कॉम्प्युटरवर तासभर बसला होता. काल कळंबोलीच्या एका मंडळाच्या वन्य पक्षी स्पर्धेचा निकाल लागला. पहिला नंबर, हरेश काशिराम घरत. फोटोचं नाव ‘एकपायी तपस्वी’. मी फोन केला तर म्हणाला, चिखलातली पाखरं काय तुझ्या बापाची आहेत का. वर मला ब्लॉक केलं. तीन हिवाळे मी मिठागराच्या बांधावर गुडघे फोडून घेतले ते ह्यासाठी?

पण त्याने कुठला फोटो उचलला ते वाचा. खऱ्या टिलव्यांचा थवा यायच्या आधी उजेड आणि फोकस जुळवायला मी तुम्ही दिलेला मातीचा टिलवा चिखलात खोचते. पहिले दोन-चार फोटो त्याचेच असतात. खरा टिलवा चिमणीएवढा, सारखा चोच मारत पळणारा, त्यामुळे माझे निम्मे फोटो हललेले. साहेबांनी त्यातला सगळ्यात स्वच्छ फोटो निवडला. काका, तो तुमचा मातीचा टिलवा आहे! एवढा वेळ गप्प उभा राहणारा दुसरा कोण असणार?

समारंभ २६ तारखेला आहे. त्याला स्टेजवर चढू दे, गळ्यात हार पडू दे, मग सगळ्यांसमोर त्याची जिरवते. तुमचा मुलगा आहे म्हणून आधी विचारते. तुम्ही नाही म्हणालात तर गप्प बसेन, पण त्याच्या घरचं पाणी पिणार नाही.

तुमच्यावर लोभ आहेच, तुमच्या मुलावरचा परत घेतलाय.
तुमची पुतणी,
भाविका


चिरनेर
१५ जानेवारी

चि. भाविकास,
काकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्यासाठी राग आला, दुसऱ्यांदा माझ्यासाठी.

त्या टिलव्याला एकच पाय का, तर पायाला लावायला माझ्याकडे नारळाच्या झापाचा एकच बरा हीर उरला होता. तपस्वी कसला आलाय! आणि डोळे कसले आहेत ते तुलाही माहीत नसेल. तुझ्या सुमतीकाकूची मंगळसूत्राची पोत एकदा तुटली. ती तुटली म्हणू द्यायची नाही, वाढली म्हणा म्हणायची. काळे मणी टाकवेनात, म्हणून म्हणाली की पाखरांना डोळे लावा. तेव्हा सहा वर्षांचा हरेश जमिनीवर रांगत ते मणी वेचत होता. आता आईच्या गळ्यातला मणी त्याला एवढ्या मोठ्या फोटोत ओळखता आला नाही.

नवीन घर बांधलं तेव्हा माझी भाजलेल्या मातीच्या पाखरांची टोपली त्यानेच उकिरड्यावर टाकली. ही मातीची खेळणी पाव्हण्यांना दाखवायला लाज वाटते म्हणाला. काकू जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दोनच पाखरं वाचली, एक तुझ्याकडे आहे आणि एक माझ्या ट्रंकेत.

तू समारंभाला जाऊ नकोस, तुला बघितलं की तो सावध होईल. मी जातो. बाप म्हणून मला पहिल्या रांगेत बसवतील.

जेवत जा. राग उपाशी पोटी टिकत नाही.
तुझा काका,
काशिराम


नवीन पनवेल
२१ जानेवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून रडले. परवा एकदा मनात आलं की जाऊ दे, दादाच आहे, लहानपणी मला खांद्यावर बसवून जत्रेला न्यायचा. तेवढ्यात हे कात्रण हाती आलं, सोबत पाठवते. मुलाखतीत सांगतोय की तो चार तास चिखलात पालथा पडून राहिला आणि त्याच्या संयमावर पाखराचा विश्वास बसला. चार तास! इस्त्रीच्या शर्टावर शिंतोडा उडाला तर रिक्षावाल्याशी भांडणारा हा माणूस.

आता दया वगैरे काही उरली नाही. काका, त्याला सोडू नका.

उत्तराची वाट बघणारी,
भाविका


चिरनेर
३० जानेवारी

चि. भाविकास,
अनेक आशीर्वाद.

काम झालं. वडिलांचाही सत्कार म्हणून मला स्टेजवर बोलावलं, हातात माईक दिला. मी खिशातून ट्रंकेतला टिलवा काढला आणि त्या मोठ्या फोटोशेजारी धरला. सांगितलं की हा ह्याचा जोडीदार, दोन्ही मी मातीचे केलेत, डोळे ह्याच्या आईच्या पोतीतले आहेत आणि फोटो माझ्या पुतणीने काढलाय. लोक हसले असतील. मला ऐकू आलं नाही, पण उघडी तोंडं दिसली. हरेशने टिलवा हातात घेतला, त्याच्या डोळ्यावर बोट फिरवलं आणि खालीच बसला. घरी येईपर्यंत रिक्षात रडत होता. मला पाझर फुटला नाही, खोटं कशाला सांगू.

ट्रॉफी परत गेली. मातीचं पाखरू म्हणून तुझा फोटोही बाद झाला, त्याचं मात्र वाईट वाटतं.

काल सकाळी त्याला मिठागरावर नेलं. म्हटलं, पेपरात सांगितलंस तसा पड, चार तास. मी बांधावर घड्याळ घेऊन बसलो. पहिले दोन तास तो चुळबुळत होता, पाखरं लांबच होती. तिसऱ्या तासाला दमून निपचित पडला. खाडीला भरती आली तसा टिलव्यांचा थवा उठून मिठागरात आला आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर उतरला. एक तर त्याच्या कोपराशी येऊन एका पायावर उभा राहिला. अगदी खरा, आणि बराच वेळ. हरेशने हळूच मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्याने बरोबर आणलेला कॅमेरा माझ्या पिशवीत होता. मी दिला नाही.

तो तुला माफीचं पत्र लिहायला बसलाय, चौथा कागद फाडला. त्याच्यावरचा तुझा लोभ तुटला असेल, तर काकूसारखं वाढला म्हण.

तुझा काका,
काशिराम