लिलावातल्या सहा म्हशी

आबा, परवा सहावी म्हैसही व्याली. रेडी झाली. धार काढून, हात धुऊन मी गोठ्यातच बसले आणि हिशेब पुरा केला. वैरण, गाडीभाडं, डॉक्टर सगळं धरून एक म्हैस मला एक लाख दोन हजारांना पडली. लिलावाच्या दिवशी मी धरलं होतं त्यापेक्षा वीस हजारांनी कमी. घरात सगळ्यांना सांगून झालं, पण खरं सांगायचं होतं तुम्हाला, आणि तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली.

मी बारा वर्षांची असताना तुम्ही लिलावातून म्हैस आणलीत. अख्खी आळी बघायला लोटली आहे, आई भाकरी थापते आहे आणि तुम्ही येणाऱ्या प्रत्येकाला सांगताय, बाराच हजारांना मिळाली. मी मात्र शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर टेम्पोचं भाडं, दलाली, औषधं लिहीत होते. म्हशीचं रेडकू तिथंच राहिलं होतं, त्यामुळे ती पान्हा सोडेना. दीड महिना तिने पोटभर पेंड खाल्ली आणि दूध दिलं ते चहापुरतं. एकदा तुम्ही जेवत असताना मी म्हणाले, म्हैस बाराला नाही, सतरा हजारांना पडली. तुमचा घास हातातच राहिला. "वही मीट आधी," तुम्ही म्हणालात. "दावणीला बांधलेल्या जनावराला नावं ठेवत न्हाईत." मी न जेवता उठले. आठवड्याने तुम्ही शनिवार पेठेतल्या दुकानातून लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही आणलीत आणि माझ्यासमोर ठेवलीत. "ह्यात लिही. शाळेची वही खराब करू नगंस." त्या सतरा हजारांबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही.

तुमचा गोठा आता विश्रांतवाडीच्या पुढे, इमारतींच्या मागे आहे. समोरच्या सोसायटीतले लोक सकाळी दूध न्यायला येतात आणि वासाची तक्रारही तेच करतात. पाच महिन्यांपूर्वी एक मोठी डेअरी बंद होताना तिथल्या जनावरांचा लिलाव होता. दुभत्या म्हशींभोवती गर्दी, आणि मी कागद घेऊन उभी. बोलीचा आकडा, त्यावर गाडीभाडं, तपासण्या, शिवाय जागा बदलली की दोन महिने निम्म्यावर येणारं दूध. सव्वा लाखाची म्हैस दीड लाखाच्या वर जात होती. मी बोली सोडून दिली. शेजारी उभा असलेला एक व्यापारी शांतपणे म्हणाला, "ताई, इथे म्हशी विकतात, पेपर तपासत नाहीत." आजूबाजूचे हसले. मी कागद घेऊन मागच्या दावणीकडे गेले. तिथे सहा आटलेल्या म्हशी होत्या, सहा महिन्यांच्या गाभण. चार महिने फुकट कोण चारणार म्हणून तिकडे कोणी फिरकत नव्हतं. मी ती चार महिन्यांची वैरण मांडली. एखादी दगावली तर तिचा भार उरलेल्या पाचांवर किती, तोही मांडला. तरीही त्या स्वस्त पडत होत्या. जागा बदलली म्हणून तुटायला दूधच नव्हतं, आणि रेडकं आपल्या गोठ्यात जन्मणार होती. त्या व्यापाऱ्याने गंमत म्हणून माझ्यासमोर बोली चढवली, मग कंटाळला. सहाही माझ्या झाल्या.

एकही दगावली नाही, आबा. आधी व्यालेल्या पाचही रोज बारा-बारा लिटरला आल्या आहेत, आणि रेडकू हुंगलं की पान्हा येतो. गेल्या महिन्यात त्याच व्यापाऱ्याचा फोन आला. त्याने लिलावातून नेलेल्या दुभत्या पुन्हा पहिल्यासारख्या झाल्याच नव्हत्या. दोन म्हशी द्याल का, भाव तुम्ही सांगा, म्हणाला. मी म्हटलं, "सांगते. आधी पेपर तपासून होऊ द्या." फोन ठेवला आणि गोठ्यात एकटीच हसत सुटले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. कागदावर माझी मर्यादा एका म्हशीला त्र्याहत्तर हजारांची होती. त्या व्यापाऱ्याने त्र्याहत्तर म्हटलं तेव्हा मी निघून जायला हवं होतं. तेवढ्यात कडेच्या म्हशीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि चौऱ्याहत्तरला माझा हात वर गेला. सहा म्हशींचे सहा हजार जास्त. घरात कोणाला ठाऊक नाही. हिशेबात मी ते गाडीभाड्यात दाखवले आहेत.