हा-सेखोबेची धावपट्टी वाढते आहे

३ जानेवारी १९९७, सकाळ
नवी वही. नव्या वर्षाचा संकल्प : रोज लिहायचं. १ आणि २ तारखेला पाहुणे होते, ते धरायचे नाहीत.
हा-सेखोबे या आमच्या गावची धावपट्टी मोजली. १०९० पावलं! १९७४ साली राजधानीतल्या, मसेरूच्या विमान ऑफिसने मला राखणदार नेमलं तेव्हा बरोबर ९०० होती. ऑफिसने टेप कधी दिली नाही. साहेबाने माझं एक पाऊल मोजलं आणि फॉर्मवर कायमचं छापून टाकलं : 'राखणदाराचं पाऊल ९० सेंटिमीटर.' म्हणजे आजची लांबी ९८१ मीटर. बारा सीटांच्या मोठ्या विमानाला ९५० पुरतात. फॉर्म रवाना.

६ जानेवारी
मालिम्फोला सांगितलं. बायको असून कौतुक नाही. म्हणाली, जमीन काय भोपळा आहे का वाढायला? मग चर्चचा रस्तासुद्धा वाढला असेल! टोमणा होता, पण मी शास्त्रीय माणूस. काल जाता जाता मोजला. पूर्वी ४००, आता ४८५. घर ते संडास २२ चे २७. अख्खा डोंगरच वाढतोय. तिला दाखवलं, तर कपाळावर हात मारून आत गेली.

११ जानेवारी
टपालाचं छोटं विमान आलं. कॅप्टन तेबेलोने विचारलं की न्ताते सेबोका, म्हणजे सेबोका बाबा, आकडा नक्की ना? म्हटलं, पोरा, तू शाळेत होतास तेव्हापासून मोजतोय. मग त्याने मलाच शिकवलं. उतरताना किती वजन चालेल ते ब्रेक आणि चाकं सांगतात. उडताना किती, ते पट्टीची लांबी, जागेची उंची, ऊन, गवत. उंचावर आणि उन्हात हवा पातळ, पंखांना आधार मिळत नाही, विमानाला जास्त धावावं लागतं. त्यामुळे एखादं विमान भरलेलं उतरतं आणि अर्धं रिकामं करूनच उडतं. मी मान हलवली. सगळं माहीत होतं. बहुतेक.
गुडघा दुखतोय. हवा बदलली.

१५ जानेवारी
ऑफिसचं पत्र! २९ तारखेला मोठं विमान. येताना दवाखान्याचं एक्स-रे मशीन, जाताना सहा प्रवासी. आणि त्यात पाहुणा म्हणून मी!
तेवीस वर्षं विमानांना हात केला, आत एकदाही बसलो नाही. गावाला वाटतं बसलोय. मीच कधीतरी तसं म्हणालो असेन.

१८ जानेवारी
संकल्प : गवत स्वतः कापायचं.

१९ जानेवारी
मुखियाची गुरं सोडली. गवत गेलं, शेण आलं.

२२ जानेवारी, दुपार
तापमान २९. एवढ्या उन्हात वजन कमी करायला सांगतील. उष्णतामापक सावलीत ठेवावा असा नियमच आहे. घरात पाण्याच्या माठामागे ठेवला. २१. नियम पाळला की फळ मिळतं.

२५ जानेवारी
नर्स न्थाबिसेंग म्हणाली की न्ताते, गुडघा दाखवून जा, हल्ली आखूड पावलं टाकत चालता. म्हटलं, याला रुबाब म्हणतात. मी विमानात अंगावर घ्यायचं म्हणून मालिम्फोने लग्नातलं घोंगडं उन्हात घातलं. तिला विमानाची भीती वाटते, बिचारी. तिला समजावलं की वरून काही वाटत नाही.

२९ जानेवारी, संध्याकाळ
विमान उतरलं. दगडी कुंपणाआधी दहा पावलांवर थांबलं. माझ्या पावलांनी दहा. पट्टीवरून उधळलेली गुरं अजून सापडायची आहेत.
तेबेलो खाली आला तो घामाने निथळत. काठीला चाक लावलेलं मोजायचं यंत्र काढून टोकापर्यंत चालत गेला. ८१० मीटर. म्हटलं, चाक बिघडलंय. परत मोजलं. ८१०. मग उष्णतामापक मागितला. माठामागून आणून दिला, तो बाहेरच्या हवेत तापून २९ वर गेला.
पंखाखाली बसून त्याने हिशेब केला. मशीन उतरवलं तरी एवढ्या पट्टीवरून, एवढ्या उन्हात सहाऐवजी तीनच माणसं. मुखियाची अवघडलेली सून, तिच्याबरोबर नर्स. उरले साठ किलो. माझं वजन विचारलं. सत्तर म्हटलं, पाच-दहा कसे तरी बसतील. त्याने दवाखान्याच्या काट्यावर उभं केलं. घोंगडं आणि बुटांसकट ९१. घोंगडं काढलं. बूट काढले. ८३.
तेबेलोने आजूबाजूला पाहिलं. मालिम्फो ५४.
ती म्हणाली, मसेरूला आपल्या लेकीला, लिम्फोला भेटून येते, भाकरी टोपलीत आहे. भीती वगैरे काही दिसली नाही.
मी हात केला. तेवीस वर्षं करतो तसाच. फक्त अनवाणी.

४ फेब्रुवारी
मालिम्फो बसने परत आली. म्हणाली की वरून आपली पट्टी रुमालाएवढी दिसते, आणि पट्टीवरचा माणूस तर दिसतच नाही. मग चहा ठेवला.
फॉर्मही आला. छापलेलं खोडून हाताने लिहिलंय : 'राखणदाराचं पाऊल ७४ सेंटिमीटर.'
संध्याकाळी पट्टीवर गेलो. नव्वदची पावलं टाकत निघालो. चाळिसाव्याला गुडघ्याने बसवलं. फार वाईट वाटलं.
मालिम्फो शोधत आली. विमानाचं एक अक्षर काढलं नाही. परत येताना ती माझ्या पावलांनी चालली. मोजली नाहीत.