मुखेडची रिकामी यादी

सोमवार, संध्याकाळ. नांदेड

पुण्याचे सर आज फोनवर परत तेच म्हणून राहिले, "रिकामी यादी कोण देणार, शबाना?" मुखेड देणार. तिथल्या दुकानांच्या ऑर्डरी आमच्या प्रोग्रामात फक्त बाजाराच्या दिवशी येतात. बाकी दिवस यादी रिकामी, आणि सरांचं लिस्प या संगणकभाषेत लिहिलेलं फंक्शन तिथंच कोसळतं. यादी रिकामी हाय का, ही मी घातलेली तपासणी त्यांनी काढली. का, तर वेग जातो म्हणे, आणि मी हट्टी. मग त्यांचं फंक्शन आणि मी तपासणीसकट लिहिलेलं, दोन्ही लांबलचक यादीवर चालवली. त्यांचं प्रत्येक नोंदीला यादीची लांबी नव्यानं मोजतं, माझं एकदाच फिरून आधी मोकळं होतं. आता हट्टी कोण? गिऱ्हाईक नसलं तरी अब्बांच्या दुकानाचं शटर वरच असतं. रिकामी यादी पण यादीच हाय. तपासणी परत घातली, खाली माझं नाव टाकून.