आप्पांचा अंगठा

॥ श्री ब्रह्मलिंग प्रसन्न ॥

निपाणी,
दि. ५ फेब्रुवारी २०२५

चि. नागराज यास आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. असे की,

हा कागद आमच्या लेकीच्या, सौम्याच्या, जुन्या प्रश्नपत्रिकेची मागची बाजू आहे. कोरी होती, टाकवेना. तिनं फोटो काढून पाठवल्यावर आरपार गणितं दिसली तर ती सोडवत बसू नकोस. फोन करून उपयोग नाही. परवा मी घसा फोडून दवाखाना म्हणत होते आणि तू आपला पाहुणा कोण, पाहुणा कोण, विचारत बसलास. समुद्रानं तुझे कान घेतले ते घेतले, आता माझा घसाही मागतोय.

तर ऐक. आप्पांना अर्धांगाचा झटका आला. कंग्राळीच्या घरी परड्यात म्हशीला वैरण टाकताना पडले. शेजारच्या मालुबाईनं पाहिलं म्हणून बरं. बेळगावात दवाखान्यात ठेवलंय. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नाकातून नळी घालून पातळ काही देतात. माणूस ओळखतात. डावा हात चालतो, आणि त्या हातानं ठीक आहे म्हणून खूण करतात. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला करतात. नर्सबाई कानडी आहे, ती रोज म्हणते, अज्जा आराम अदार, आजोबा बरे आहेत. डॉक्टरही म्हणाले, पेशंटची जिद्द चांगली आहे.

म्हणून तुला लिहिते, पळत येऊ नकोस. तुझी शेवटची मोजणी आहे, मे महिन्यात तू निवृत्त होणार. सगळा जन्म पाण्याखाली काढलास, शेवट अर्धवट नको. पोवळ्यांशीच संसार केलास, निदान त्यांचा तरी नीट निरोप घे. दुसरं कोण आता तुला मुलगी देणार म्हणा.

खर्चाचं मी बघते आहे, ते डोक्यात घेऊ नकोस. गुरुवारचा उपवास आप्पांच्या नावानं धरलाय. कान झाकून झोप. माया आहे तशी ठेव.

तुझी,
आक्का

*

किल्तान बेट, लक्षद्वीप,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. सौ. राजेश्वरीआक्का हिला नागराजचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्राचा फोटो काल धक्क्यावर आल्यावर मिळाला, नेट तिथंच लागतं. दोनदा वाचला. आप्पा हातानं ठीक म्हणतात हे वाचून जीव भांड्यात पडला. ती खूण मीच त्यांना शिकवलीय. तुला माहीत नसेल, गेली काही वर्षं दिवाळीला मी कंग्राळीला आलो की आम्ही दोघं पाण्याखालच्या खुणांनीच बोलतो. मला ऐकू येत नाही, त्यांना ओरडायचा कंटाळा. पाण्याखाली तोंड चालत नाही ना, सगळं हातानं. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल केला की सगळं ठीक. शिकवलं तेव्हा आप्पा हसले होते. म्हणाले, ही तर तंबाखूची चिमूट झाली, समुद्रात एकमेकांना तंबाखू मागता व्हय रं. तेव्हापासून ठीक आहे म्हणायचं तर आम्ही चिमूटच म्हणतो. दवाखान्यात बिचारी नर्स तंबाखूची पुडी शोधत असेल.

इकडचं काय लिहू. दरवर्षी एकाच जागी, एकाच रेषेवर फीत अंथरायची आणि फितीखाली येईल ते पोवळं पाटीवर लिहायचं, हेच मी नोकरीभर केलं. नवीन होतो तेव्हा त्या रेषेवर पाय ठेवायला जागा नव्हती, जांभळं, पिवळं, हिरवं. यंदा पांढरं आहे. काही ठिकाणी पांढरंही नाही, त्यावर शेवाळ. मी लिहिलं. जोडीदार जोतिरामनं वर आल्यावर डबा उघडलाच नाही. मला काही वाटलं नाही. पाटी धुतली, डबा खाल्ला.

विहिरीत पडलेली कळशी काढायला आप्पा मला पहिल्यांदा खाली घेऊन गेले, त्याची आठवण मात्र आली. पाठीला तरंगायला बांधलेला सुका भोपळा होता, तो सोडवला आणि म्हणाले, आता हात सोडायचा न्हाय. तळाला डोळे उघडायला लावले. तेवढंच शिक्षण मला जन्मभर पुरलं.

थोडी मोजणी राहिली आहे. ती झाली की पहिल्या जहाजानं निघतो. आप्पांना माझी चिमूट दाखव. दाजींना नमस्कार. आठवण कमी करू नकोस.

तुझा,
नागराज

*

॥ श्री ब्रह्मलिंग प्रसन्न ॥

बेळगाव, दवाखाना,
दि. १५ फेब्रुवारी २०२५

चि. नागराज यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते. तुझी चिमूट आप्पांना दाखवली. नुसते बघत राहिले. त्यांनी उलट चिमूट केली नाही. ते चिमूट करतच नाहीत रे. ते अंगठा वर करतात. मूठ मिटायची आणि अंगठा उभा, मोबाईलवर पोरं पाठवतात तसा. वर हातही थोडा उचलतात, झटका दिल्यासारखा. मी तुला ठीकची खूण म्हणून लिहिलं ते हेच.

सगळ्यांना त्याचं कौतुक. आमचे हे आले की आधी अंगठा दाखवतात. आपला चुलतभाऊ भरमा कंग्राळीहून सगळ्या भावकीला घेऊन आला, सगळ्यांनी ओळीनं अंगठे दाखवले, एकानं फोटो काढला. डॉक्टरही फेरीला आले की अंगठा दाखवून पुढं जातात. आप्पा प्रत्येकाला दाखवतात, मग माणूस दाखवतो, मग आप्पा थोडा वेळ वाट बघतात. कशाची ते कळत नाही. मग भिंतीकडे तोंड करतात.

आता नळी उपसून काढतात म्हणून डावा हात पट्टीनं खाटेला बांधलाय. बांधलेल्या हातानंसुद्धा अंगठा काढतात. डॉक्टर म्हणतात, पोटाला भोक पाडून दुसरी नळी बसवू, म्हणजे पुष्कळ महिने काढतील. मुलाची संमती विचारा म्हणाले. पेशंट स्वतः अंगठा दाखवतोय, मग अडचण काय, असंही म्हणाले. सोमवारपर्यंत सांगायचंय. मी होच म्हणणार आहे, पण तू मुलगा, तुला विचारल्याशिवाय सही करायची नाही.

मला हल्ली काही कळत नाही. देवाचं नाव घेते, मध्येच कुठं थांबले ते आठवत नाही. लवकर लिही. तुझ्या शब्दाकडे डोळे लावून आहे.

तुझी,
आक्का

*

किल्तान,
दि. १७ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आक्कास साष्टांग नमस्कार.

सही करू नकोस.

पाण्याखाली अंगठा वर म्हणजे बरं आहे असं नव्हे. बरं आहे म्हणजे चिमूट. अंगठा वर म्हणजे, बुडी संपली, मला वर न्या.

ही गोष्ट आप्पांना नक्की ठाऊक आहे. भरमाच्या मुलीच्या लग्नात जेवणं झाल्यावर भाषणं लांबली, तेव्हा मांडवात पलीकडून त्यांनी मला अंगठा दाखवला आणि आम्ही दोघं उठून घरी आलो. आचाऱ्याला वाटलं जेवण आवडलं, तो खूश. आम्ही वाटभर हसत होतो.

या खुणेला एक नियम आहे. जोडीदारानं अंगठा दाखवला की का म्हणून विचारायचं नाही, थोडं थांब म्हणायचं नाही. काम किती राहिलंय ते बघायचं नाही. आपणही अंगठा दाखवायचा, आणि दोघांनी वर निघायचं. ते वाट बघतात ती याची. सगळ्यांनी उत्तर दिलं आणि कोणी निघालं नाही.

मोजणी मी इथंच सोडली. जहाज बिघडून कोचीला अडकलंय, पुढचं कधी ते कोणी सांगत नाही. मी धक्क्यावर बसून आहे. माझी वाट बघू नका. त्यांना घरी न्या. डॉक्टर रागावतील, भावकी बोलेल. माझं नाव सांग, मुलानं सांगितलं म्हण.

एक आणखी. वर येताना घाई करायची नसते. पृष्ठभाग दिसायला लागतो, वरचा उजेड दिसतो, तरी थोडं खाली थांबायचं, अंगाला सवय होऊ द्यायची. तेवढा वेळ त्यांच्याजवळ कुणीतरी असावं. हात सोडू नको.

नागराज

*

कंग्राळी,
दि. १ मार्च २०२५

चि. नागराज यास आशीर्वाद.

वर श्री लिहिला नाही, त्यावरून तू समजला असशील. आप्पा शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी गेले. तुला कोचीला उतरल्यावर हे मिळेल. जहाजावर कळून तू काय करणार होतास, म्हणून आधी सौम्याला पाठवू दिलं नाही.

आता सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर राहून जाईल.

तुझं पत्र वाचून मी आत गेले. नर्सबाईला न विचारता हाताची पट्टी सोडली. आप्पांनी अंगठा दाखवला. मी लगेच दाखवला नाही. मूठ मिटली तेव्हा मलाच कसं तरी झालं, इतके दिवस किती सहज दाखवत होते. मग दाखवला, आणि त्यांच्या कानाशी म्हणाले, "व्हय आप्पा, निघूया." ते भिंतीकडे वळले नाहीत. माझ्याकडेच बघत राहिले.

डॉक्टर रागावले. आमचे हे म्हणाले, लोक म्हणतील लेकीनं बापाला दवाखान्यातून उचललं. भरमा म्हणाला, मग अंगठा कशाला दाखवत होते म्हातारं. मी तुझं नाव सांगितलं. सगळे गप्प झाले. मुलगा म्हटल्यावर गप्प होतात.

घरी आणून माजघरात खाट टाकली, दारातून परडं दिसेल अशी. नळी काढली. चमच्यानं पाणी, कधी ताक. म्हैस ओरडली की डोळे उघडायचे. तू लिहिलंस तसा मी हात धरून बसले. थकले की सौम्या बसायची. हात सुटला नाही.

शिवरात्रीला संध्याकाळी दिवा लावला तेव्हा आप्पांनी हात सोडवून घेतला. मला वाटलं अंगठा. पण त्यांनी अंगठा आणि बोट जुळवलं. मालुबाई म्हणाली, बघा, तंबाखू मागाय लागलेत, आणि लगबगीनं आपली चंची घेऊन आली. मी म्हटलं, तंबाखू न्हाय ती. मी पण तशीच चिमूट करून दाखवली. मालुबाईनं कपाळाला हात लावला. म्हणाली, आता लेकीलाही हवी झाली व्हय गं. आप्पांच्या चांगल्या बाजूचं तोंड थोडं हललं. हसले म्हणून मी लिहून ठेवते.

त्यानंतर त्यांनी अंगठा दाखवला नाही. पहाटे श्वास लांब लांब झाला. मधे थांबायचा, परत यायचा. तू लिहिलं होतंस ते थांबणं हेच असावं असं मी धरलं. उजाडल्यावर मग परत आला नाही.

अग्नी भरमानं दिला. आज सावडणं झालं. अस्थी परड्यातल्या आंब्याला बांधून ठेवल्यात, तुझ्याच हातानं सोडायच्या. कुठं, ते तू ठरव. कुणी नदी म्हणतं. मी म्हटलं, नागराज येऊ दे.

मला रडू आलं नाही. बायका माझ्याकडे बघतात. घर सारवलं, पाणी भरलं. म्हैस आटलीय म्हणून गवळी लावलाय, तो आला, दूध कमी करू का म्हणाला. मी म्हटलं, आहे तेवढंच राहू दे. का म्हटलं ते ठाऊक नाही. दोन दिवस उरलेलं दूध मांजराला घालते. तू तुझी पाटी धुतलीस तसंच हे असेल.

गाडीत नीट जेव. माझी काळजी वाहू नकोस. कुणी विचारलं की मी चिमूट करते, लोकांना वाटतं आक्काला तंबाखूचं वेड लागलं.

सावकाश ये. मधे थांबून ये. आता वर यायची घाई नाही.

तुझी,
आक्का