डाव्या कपाळावरचा फुकटा भाडेकरू

सोमवार, ३ तारीख
डाव्या कपाळावर फोड आलेत. नुसती आग. सुनेने नवा साबण आणला, त्याचे हे प्रताप. तोंडावर सांगितलं तिला. म्हणाली, आई, तोच साबण मीही लावते. तिची कातडी गेंड्याची, तिला काय होणार! उद्यापर्यंत बसेल. शिंपीमास्तरांच्या शर्टांची काजं करायची आहेत. या वयात बिनचष्म्याने करते, आहे कोणाची छाती?

मंगळवार, ४
फोड वाढले. साबण मुरलाय, दुसरं काय.
नात प्रयोगशाळेत कामाला आहे. बघून म्हणाली, आजी, ही नागीण. आजच डॉक्टरकडे चल. लहानपणी मला कांजिण्या आल्या, तो विषाणू म्हणे गेलाच नाही, नसेत दडून बसला. साठ वर्षं! फुकटा भाडेकरू. टी सेल नावाचे शिपाई त्याच्यावर पहारा ठेवतात. विषाणू शिरला की पेशी त्याचा तुकडा दारावर अडकवते. शिपाई तो तुकडा ओळखतात आणि तुटून पडतात. वय झालं की थकतात म्हणे. माझे नाही थकत. टी म्हणजे चहा, एवढं इंग्रजी मला येतं.
दुपारी. सहा कप झाले. शिपायांना खुराक.

बुधवार, ५
पित्त उसळलं. नात पोट धरून हसली, चहाचा काही संबंध नाही म्हणे. मग नावं नीट ठेवा ना मेल्यांनो!
नाकाच्या शेंड्यावरही फोड. तो पाहिला आणि हिचं हसू गेलं. म्हणाली, त्याच नसेचा फाटा डोळ्यात जातो, गोळ्या तीन दिवसांच्या आत सुरू व्हायला हव्यात. सून चपला घालून तयार. मी आतून कडी लावली. गेले असते तर साबणाचं भांडण ती जिंकली असती. शिपाई ओळखतील काय ओळखायचं ते. माझा शत्रू मी केव्हाच ओळखलाय, बाहेर भांडी आपटतोय.

शुक्रवार, ७
डोळा लाल, गळतोय. मास्तरांनी शर्ट परत पाठवले. काज एकीकडे, बटण भलतीकडे. निरोप आला, आजी, आता आराम करा, काजाचं मशीन बघतो. मास्तरांनी खुणाच वाकड्या केल्या असणार.

शनिवार, ८
डोळ्यांच्या डॉक्टरकडे आपणहून गेले. सुनेने फक्त दंड धरला होता. कधीपासून, विचारलं. मी म्हटलं, काल. सून म्हणाली, सोमवार. चोंबडी! डॉक्टर म्हणाले, गोळ्यांना उशीर झाला, नजर किती परत येईल सांगता येत नाही. उजवा डोळा झाका, आता बोटं मोजायची.
थोड्या वेळाने समोर हात वर झाला. मी म्हटलं, तीन. आणि डॉक्टर, या सुनेला आधी बाहेर काढा, सगळं हिच्यामुळे झालंय.
हात तसाच वर.
मग म्हणाली, आई, डॉक्टर फोनवर बोलायला बाहेर गेलेत. मी आहे. आणि बोटं दोन आहेत.
खोलीत उजेडच कमी होता.