शतकांच्या यादीतली सातवी ओळ

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र माझ्यामागे दोन हॉटेलं फिरून काल हाती लागलं. मी ठीक आहे, म्हणजे जसा असतो तसा. वीस दिवसांत आठ सामने झाले. प्रत्येक सामन्यात सहाशेच्या आसपास चेंडू, आणि एकेक चेंडू मी डोळ्यांनी बघून हाताने लिहिलाय. लोकांना वाटतं स्कोअररला काय, सावलीत बसून फुकट क्रिकेट बघायला मिळतं. त्यांना एकदा आमच्या पत्र्याच्या खोलीत बसवायला हवं. पाठ अशी धरते की उठताना टेबलाला धरून उठावं लागतं.

बाबांना सांग, स्पर्धेतलं सहावं शतक झालं. डावऱ्याने केलं, एकशे चार. त्याच्या खेळीची नक्कल सोबत आहे, एकेका चेंडूची. वाचताना घाई करू नकोस. मागच्या वेळी तू दोन चौकार गिळलेस आणि बोलणी मी खाल्ली.

हल्ली संध्याकाळकडे डोळ्यांना पाणी येतं. ऊन असेल. बाबांपाशी बोलू नकोस.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
पेन्सिल


९ फेब्रुवारी

चि. पेन्सिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

डावऱ्याचं शतक यादीत चढलं. यादी यंदा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर केली आहे, बाबांच्या खाटेसमोर. ओळी मी कापडाच्या पट्टीने आखल्या, तरी दुसरी तिरकी आली म्हणून ऐकून घेतलं. उजवा हात गेला, बोलणं निम्मं गेलं, पण ओळ तिरकी आहे हे खाटेवरून दिसतं त्यांना!

शतक झालं की मी रेडिओ ऐकून लगेच नाव लिहायला जाते, तर नाही म्हणतात. रेडिओवाला बोलतो, लिहीत नाही, हे त्यांचं ठरलेलं. तुझी नक्कल यायची, मी शून्य-एक-शून्य-चार अशी वाचायची, त्यांनी डाव्या हाताच्या पेरांवर मोजायचं, जुळलं की मगच मान हलवायची. पोराच्या अक्षरावर इतका विश्वास बघून मला कधी कधी हेवा वाटतो हो. मी चार वर्षं त्यांना भरवतेय, पण माझ्या डाळीत मीठ आहे की नाही हे ते स्वतः चाखून बघतात.

बाबांचा निरोप नेहमीचाच आहे, तुला स्कोअर लिहायला शिकवलं तेव्हापासूनचा. आधी लिहायचं, मग हात वर करायचा. पंचांची खूण पोचली हे सांगायला तुम्ही लोक खोलीतून हात वर करता, एवढं मला कळतं. पण हे वाक्य ऐकून माझे कान किटले, तुझे काय झाले असतील!

शाळांच्या गणवेशांचं काम आलंय. खांदा मशीनवर वाकून लाकडासारखा झालाय. स्पर्धा संपली की महिनाभर घरी राहा. बाबांचं सगळं तुझ्याकडे देऊन मी आठवडाभर नुसती झोपणार आहे. उठवलंस तर याद राख.

आपली काळजी घे, म्हणजे माझी एक काळजी कमी.

तुझी,
ताई


१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सातवं झालं! आणि कुणी केलं सांगू? नव्वदरावाने! रेडिओवर ऐकलंच असशील. सदतीस वर्षांचा माणूस, गुडघ्याला पट्टा बांधून खेळतो. जन्मात चार वेळा नव्वदीत बाद झाला म्हणून लोकांनी हे नाव ठेवलं, आणि ते आता त्याच्या नातेवाइकांच्या तोंडीही बसलंय म्हणे. पुढच्या वर्षी त्याला कुणी घेणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे.

डावाच्या शेवटच्या चेंडूला त्याचे नव्याण्णव होते. चेंडू पडला, तो लंगडत पळाला, फलकावर शंभर लागले. नाबाद शंभर. अख्खं मैदान उभं राहिलं. तो खेळपट्टीवर गुडघे टेकून बसला आणि कितीतरी वेळ उठलाच नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मला लिहिताना अक्षर दिसेना.

शेजारी त्या दिवशी समोरच्या संघाची स्कोअरर होती. एरवी ती एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. तिचं आणि माझं शेवटच्या एका धावेवरून थोडं वाजलं, पण मिटलं. पोरगी चांगली आहे, हुशार आहे.

नक्कल जोडली आहे. बाबांना सावकाश वाचून दाखव. मी फार दमलोय गं, पण आज चांगला दमलोय.

आशीर्वादाचा हात असू दे.

तुझा,
पेन्सिल


२० फेब्रुवारी

चि. पेन्सिल यास,
अ. उ. आ.

नक्कल मिळाली. सावकाश वाचली. बाबा डोळे मिटून पेरांवर मोजत होते. शंभर भरले, मी पेन उघडलं, तर त्यांनी मान हलवली नाही. शेवटचं षटक पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा. मग म्हणाले, शेवटचा चेंडू पॅडला लागला असं रेडिओवाला म्हणाला होता.

खरंच म्हणाला होता रे. मीही ऐकलं होतं, पण मी तेव्हा सुईत दोरा ओवत होते आणि लगेच टाळ्यांचा गलका झाला. बॅटला न लागता पॅडला लागून पळाले, तर ती धाव फलंदाजाची नव्हे, लेग बाय म्हणून अवांतरात जाते, एवढं या घरात राहून मलाही कळतं. पंच त्यासाठी गुडघा उचलून त्याला हात लावतात, तेही कळतं.

मी म्हटलं, आपला पेन्सिल चुकायचा नाही, रेडिओवाल्याचीच गफलत असेल. त्यांनी सातवी ओळ रिकामी ठेवायला सांगितली. आणि तुला एकच विचारायला सांगितलंय, की हात कधी वर केलास. चार शब्द जुळवायला त्यांना किती वेळ लागला ते मी बघितलंय, तेव्हा नीट उत्तर दे.

मला काही कळत नाहीये, पण काल दुपारपासून ते त्या रिकाम्या ओळीकडेच बघतायत. पत्र लवकर टाक.

तुझी,
ताई


२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी वर केला. बस, हेच उत्तर.

पंचांचा हात गुडघ्याकडे गेलेला मला दिसला. धूसर दिसला, पण दिसला. लोक उभे राहिले होते, मलाही भरून आलं होतं, मी हात वर केला. मग लिहायला वाकलो तेव्हा डोळ्यांपुढे खूण उरलीच नव्हती, गुडघे टेकलेला नव्वदराव उरला होता. मी त्याच्या नावापुढे एक लिहिला.

ग्रंथपाल पोरीच्या वहीत लेग बाय होता. ती म्हणाली, काका, पंचांनी गुडघ्याला हात लावला. मी माझी एकतीस वर्षं तिच्या तोंडावर मारली. तिने मुकाट्याने खोडलं. आणि खरं सांगू, ती बोलली त्याच क्षणी मला कळलं होतं. चूक तोवरच होती. त्यानंतर जे झालं त्याला चूक म्हणत नाहीत.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टरने वर्षापूर्वीच सांगितलंय. कळवलं असतं तर ही स्पर्धा मिळाली नसती.

आता तूच सांग, कुणाचं काय बिघडलं? संघाची धावसंख्या तीच राहिली, सामना ज्याने जिंकला त्यानेच जिंकला. एक धाव गोलंदाजाच्या डोक्यावर बसली, तो विसरलाही असेल. आणि त्या माणसाला आता जाऊन काय सांगू, की तुझ्या आयुष्यातलं एकुलतं एक शतक माझ्या पेन्सिलीतून आलं होतं? ते पाप माझ्याने होणार नाही. बारा दिवसांवर अंतिम सामना आहे, माझाही शेवटचा. तेवढा होऊ दे. बाबांची समजूत घाल, ओळ भरून टाका. लहानपणी माझ्या फुटलेल्या पाट्या तू लपवायचीस, तसं एकदा कर.

रागावू नकोस. रागवायचं असेल तर घरी आल्यावर रागव.

तुझा,
पेन्सिल


१ मार्च

चि. पेन्सिल यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं नाही. हात कधी वर केला तेवढंच सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. जेवले, औषध घेतलं, सगळं केलं, पण रेडिओ लावू नको म्हणाले. चार वर्षांत पहिल्यांदा.

मी काही शहाणपण शिकवणार नाही. माझं काम कापडाचं. बाही उलटी लागली की मी उसवते. कितीही दमलेली असले, गिऱ्हाइकाला कळणार नसलं, तरी उसवते, कारण ती बाही कुणाच्या तरी अंगावर रोज चढणार असते. उसवायला शिवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि जीव नकोसा होतो. पण बाही आपोआप सरळ झालेली मी तरी पाहिली नाही.

पाट्या लपवल्या तेव्हा तू सात वर्षांचा होतास, गाढवा. आता छप्पन्नचा आहेस.

काय करायचं ते कर आणि घरी ये. अब्रू गेली तर तसाच ये, डोळे अधू असतील तर तसाच ये. मला माणूस हवंय, मी फार थकलेय रे.

तुझी,
ताई


५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उसवलं.

आधी त्याच्याकडे गेलो. सरावाच्या मैदानाच्या कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून तो पॅड बांधत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, खोकत, अडखळत. त्याने सगळं ऐकलं आणि एकाच पायाला पॅड असताना तो उठून बाहेर गेला. मी तिथेच बसून राहिलो. शिव्या देईल, कुणाला तरी बोलावून आणेल, असं वाटत होतं. अर्ध्या तासाने परत आला. म्हणाला, आईला फोन करून आलो. तिने वर्तमानपत्रातलं कात्रण चौकटीत लावलंय, ते तिला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

मग माझ्या शेजारी बसला. म्हणाला, चेंडू बॅटला लागला नाही हे त्याला तेव्हाच कळलं होतं. पण फलकावर शंभर लागले आणि त्याने स्वतःची समजूत घातली, की स्कोअररने लिहिलंय म्हणजे कुठेतरी निसटता लागला असेल, स्कोअरर कशाला खोटं लिहील. ताई, माझ्या कानाखाली वाजवली असती तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून त्याला धड झोप नव्हती. जाताना म्हणाला, चला, बढती मिळाली, नव्वदरावाचा नव्याण्णवराव झालो. हसला, पण डोळे पुसतच.

मग स्पर्धेच्या समितीला लेखी दिलं. डोळ्यांचंही दिलं, आणि त्या पोरीचं आधी बरोबर होतं हेही दिलं. त्यांनी दुरुस्ती केली आणि मला अंतिम सामन्यातून मोकळं केलं. कुणी वाईट बोललं नाही, एकाने तर चहा दिला. माझी जागा ग्रंथपाल पोरीला मिळाली. तिची माफी मागितली, तर तीच रडायला लागली. मी माझ्या दोन टोक केलेल्या पेन्सिली तिला दिल्या आणि म्हटलं, आधी लिहायचं, मग हात वर करायचा.

बारा तारखेला पोचतो. बाबांना हे पत्र वाचून दाखव, सगळं, डोळ्यांसकट. मला समोर उभं राहून सांगायचं बळ नाही.

दारात उभं करशील एवढा लोभ शिल्लक ठेव.

तुझा,
पेन्सिल


९ मार्च

चि. पेन्सिल यास,
अ. उ. आ.

हे पत्र तुला तिथे मिळेल की तू आधी निघशील, माहीत नाही. तरी लिहितेय, कारण तोंडाने सांगायला गेले तर माझ्याने सांगवणार नाही.

तुझं पत्र वाचलं, सगळं, डोळ्यांसकट. बाबा नक्कल ऐकतात तसेच ऐकत होते. वाचून झालं. मग भिंतीकडे बोट केलं. मी म्हटलं, काय लिहू? तर म्हणाले, नव्याण्णव. मी म्हटलं, बाबा, ही शतकांची यादी आहे, तुम्हीच कधी अठ्ठ्याण्णव-नव्याण्णववाल्याला जवळ फिरकू दिलं नाहीत. तर असे डोळे वटारले की बाई गं! मी सातव्या ओळीत लिहिलं, नव्वदराव, नव्याण्णव, नाबाद. पुढे कंस करून तुझं नाव लिहायला लावलं, घरातलं नाही, चांगलं. स्कोअरर म्हणून. आजवर त्या यादीत कुठल्याही स्कोअररचं नाव आलेलं नाही.

मी पेनाला टोपण लावेपर्यंत ते थांबले. आणि मग त्यांनी डावा हात वर केला. मला वाटलं पाणी हवंय, मी भांडं घेऊन गेले, तर मानेनेच नको म्हणाले. हात तसाच वर, सरळ. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. खूण पोचली, म्हणून सांगत होते. तुला सांगत होते रे. मी तिथेच खाली बसून रडले.

शेवटी हात मीच धरून खाली घेतला. आता रेडिओ लावायला सांगितलाय. तुझी खाट माझ्या मशीनपाशी टाकली आहे. बारा तारखेला आलास की चहा तूच कर, मी झोपलेली असेन.

तुझी,
ताई